दादा नंबरची गाडी

सुलक्षणानं गाडी घ्यायच्या आधी तिचे टायर पाहिले. कंपनीतल्या एका सहकाऱ्याची बदली झाली होती आणि तो आपली छोटी लाल स्पोर्ट मॉडेलची गाडी विकत होता. बाकीचे बघायला आलेले लोक दार उघडून म्युझिक सिस्टिम लावून बघायचे. सुलक्षणा मात्र उकिडवी बसली, टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे गुळगुळीत झालेत. पण गाडी मी घेते."

कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कारखान्यात ती क्वालिटी विभागात होती. घर निमोण्याला. रोज गाडीनं शिरूरपर्यंत यायचं, तिथं गाडी लावायची आणि कंपनीच्या बसमध्ये बसायचं. पण त्या निमोणे-शिरूर रस्त्यावर तिला जे सुख मिळे ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी बुटकी होती, हलकी होती, वळणावर मांजरासारखी दबून बसायची. स्टिअरिंग जरासं फिरवलं की लगेच ऐकायची. सुलक्षणानं ठरवलं होतं, हिच्यावर हळूहळू थोडं काम करून घ्यायचं. आधी चांगले पकड घेणारे टायर. मग ब्रेकचे पॅड, कारण उसाच्या ट्रॉल्या कुठून आडव्या येतील सांगता येत नाही. मग हेडलाइटचे बल्ब. दिखाऊ काही नको. गाडी जशी आहे तशीच राहावी, फक्त अजून शहाणी व्हावी, एवढंच.

त्याच सुमारास कंपनीनं तिला ट्रेनिंगला महिनाभर चेन्नईला पाठवलं. गाडीची किल्ली तिनं घरी ठेवली. धाकटा भाऊ दत्ता म्हणाला, "ताय, तू बिनघोर जा. मी अधनंमधनं चालू करून ठेवतो, न्हायतर बॅटरी उतरंल."

ती परत आली त्या दुपारी दत्तानं तिचे डोळे मागून झाकले आणि तिला अंगणात आणलं. "सरप्राईज!"

सुलक्षणानं डोळे उघडले. अंगणात जे उभं होतं त्याला आपली गाडी म्हणावं असं तिला वाटेना. चारी बाजूंच्या काचा डांबरासारख्या काळ्या केल्या होत्या. डिकीवर पंखासारखा प्लॅस्टिकचा स्पॉयलर चिकटवला होता आणि त्याच्या कडेनं गोंद ओघळून वाळला होता. मागच्या काचेवर वाघाचा जबडा होता, खाली लिहिलं होतं, 'आलो की वाट सोडा'. गाडीचा नंबर योगायोगानं ४१४१ होता. नव्या नंबरप्लेटवर तो असा रंगवला होता की वाचायचं ते 'दादा'. आकड्यांआधीची एमएच वगैरे अक्षरं मुंगीएवढी.

टायर तेच होते. गुळगुळीत. फक्त त्यांच्यावरच्या अक्षरांना कुणीतरी पांढरा रंग दिला होता.

"कशी दिसतीय?" दत्ता म्हणाला. "रवीराजच्या दुकानात केलं सगळं. दोस्त म्हणून लई स्वस्तात करून दिलं. आत बस की."

ती आत बसली आणि तिला ओकारी आली. स्ट्रॉबेरीचा सेंट, त्याखाली सिगारेट, त्याखाली आणखी काहीतरी आंबूस. सीटवर लाल रेक्झिन. गिअरच्या दांड्यावर चकचकीत कवटी बसवलेली. दाराच्या खणात गुटख्याच्या पुड्या कोंबल्या होत्या आणि आतल्या कडेला पिंकेचा ओघळ वाळला होता. दत्तानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. सायलेन्सर फाडफाड फुटला, गोठ्यातली कालवड दाव्याला हिसका देऊन उठली. पायाशी जांभळे दिवे लागले.

"हे मी सगळं काढणार," सुलक्षणा बाहेर येत म्हणाली.

"अगं, किती हौसेनं केलंय त्यानं," आई, सिंधूबाई, ओट्यावरून म्हणाली. "तुझ्यासाठीच ना?"

"माझ्यासाठी?" तिनं हात हौदावर दोनदा धुतले. तरी बोटांना तो वास राहिलाच.

रविवारी गॅरेजला जाऊन सगळं उतरवायचं तिनं ठरवलं. पण शनिवारीच म्हाळसा आत्याचा फोन आला. आत्या सोलापूरहून रेल्वेनं निघाली होती, दौंडला उतरणार होती, गुडघे दुखत असल्यानं एसटीत चढवत नव्हतं. वडील, हौसराव, पाणी द्यायला रानात गेले होते आणि दत्ता कुठं होता कुणाला ठाऊक नव्हतं. मग सुलक्षणा तीच गाडी घेऊन निघाली.

वाटेत लोक वळून वळून बघत होते. एका म्हातारीनं गाडीचा आवाज ऐकून नातवाला पदराआड घेतलं. सुलक्षणाला काच खाली करून ओरडावंसं वाटलं, हे मी केलेलं नाही. घसरड्या टायरवर ती जपून चालवत राहिली.

म्हाळसा आत्या स्टेशनबाहेर पिशव्या घेऊन उभी होती. ती गाडीकडे बघून दोन पावलं मागं सरली. सुलक्षणानं दार उघडल्यावर म्हणाली, "अगं बया, तू हायंस व्हय! मला वाटलं कुणी गुंडपुंड आलं." मग आत बसून पदर नाकाला लावला.

गावातून बाहेर पडताना कॉलेजच्या कोपऱ्यावर एक केळीचा हातगाडा आडवा होता. गाडेवाल्याचं लक्ष नव्हतं. सुलक्षणानं हॉर्न दाबला.

हॉर्नमधून बाईची किंकाळी आली. लांब, खरीखुरी, कुणी तिचा जीव घेत असल्यासारखी. आणि ती संपताच एका पुरुषाचं हसणं.

आत्यानं तिचा दंड गच्च धरला. सुलक्षणाचा हात स्टिअरिंगवरून आपोआप मागं आला, विस्तव लागावा तसा. तिला वाटलं रस्त्यावर लोक हसतील नाहीतर शिव्या देतील. पण कडेनं चाललेल्या तीन-चार मुली जागच्या जागी थिजल्या होत्या. एक जण भिंतीला चिकटली. एकीनं मात्र खांद्यावरची सॅक उतरवली आणि सरळ गाडीवर आली. सॅक तिनं दोन्ही हातांनी बॉनेटवर आपटली.

"उतर! उतर खाली! आज उतरच!"

सुलक्षणानं काच खाली केली. मुलगी खिडकीशी आली आणि आत दोन बायका बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "ही... ही तुमची गाडी?"

"हो. काय झालं?"

"काय झालं!" ती मुलगी रडायच्या बेतात होती, पण रडली नाही. "तुम्हाला म्हाईत न्हाई काय झालं?"

सुलक्षणा खाली उतरली. गाडी बाजूला लावून त्या कोपऱ्यावरच उभ्या राहिल्या. मुलीचं नाव अंकिता होतं, ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की मुली चालत एसटी स्टँडला जायच्या. गेले काही आठवडे ही लाल गाडी त्यांच्या मागं लागत होती. हळूहळू, पायाला पुढचा भाग लागेल इतकी जवळ. मग हॉर्न. ती किंकाळी, ते हसणं. मुली पळाल्या की सायलेन्सरचे फटाके.

"आमची मैत्रीण हाय, माया. ती घाबरून बाजूला झाली आन् गटारात पडली. मनगट मोडलं तिचं. उजवं. गाडी थांबलीसुद्धा न्हाई. आतनं कुणीतरी हॉर्न परत वाजवला." अंकितानं ओठ पुसले. "परीक्षा गेली तिची. घरचे म्हणाले, बास झालं कॉलेज. आता घरात बसलीय."

"चालवणारा पाहिलात?"

"काचा काळ्या. कोण दिसणार? पोलिसांना अर्ज दिला, त्यांनी दोन-चार लाल गाड्या थांबवल्यापण. नंबर विचारला तर आम्ही काय सांगणार? दादा?"

सुलक्षणानं मागच्या प्लेटकडे बघितलं. जी तिला नुसती ओंगळ वाटली होती, तिचा उपयोग आता कळला. काळ्या काचा, मुंगीएवढी अक्षरं, किंचाळणारा हॉर्न. शोभा म्हणून तिथं काहीच नव्हतं. तिनं गाडीला हात टेकवला होता तो काढून घेतला.

"मी चेन्नईत होते," ती म्हणाली. ते तिच्याच कानांना खोटं वाटलं. "गाडी कोण चालवत होतं ते मला माहीत आहे. माझा भाऊ."

अंकिता तिच्याकडे बघत राहिली. "मग आता तुम्ही सॉरी म्हणून जाणार?"

"मायाचा पत्ता आणि तुझा नंबर दे," सुलक्षणा म्हणाली.

परतीच्या वाटेवर नदीचा पूल ओलांडल्यावर आत्या म्हणाली, "त्या पोरीचं हात बघितलंस? बॅग आपटली खरी, पर थरथरत हुते."

संध्याकाळी दत्ता घरी आला तेव्हा सगळे ओसरीवर होते. सुलक्षणानं कॉलेजचा कोपरा, मुली, माया, मनगट, सगळं एका दमात सांगितलं. दत्तानं मान खाली घातली नाही. उलट त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यावर हसू येत होतं आणि तो ते दाबत होता. ते हसू सुलक्षणानं पाहिलं. या पोराला तिनं कडेवर घेऊन बालवाडीला पोचवलं होतं, आणि आता त्याच्याकडे बघताना तिला पाल अंगावर पडल्यासारखं झालं.

"मस्करी चालायची नुसती," दत्ता म्हणाला. "मी तर गाडी चालवायचो. हॉर्न रवीराज वाजवायचा. त्याच्या दुकानाची जाहिरात व्हायची तेवढी."

"पोरगी गटारात पडली."

"आता तीच येडी बाजूला पळाली. मी धडक दिली का?"

"थांबला का न्हाईस?"

"थांबलो असतो तर पब्लिकनं धरलं असतं."

सिंधूबाई मध्येच म्हणाली, "आन् त्या पोरी तरी, घोळक्यानं, दात काढत, रस्त्याच्या मधनं... पोरांचं वयच असतं, सुलू. हाड मोडलं त्याला देऊ काही दवाखान्याचं."

सुलक्षणा आईकडे बघत राहिली. हीच आई रोज सकाळी तिला डबा देताना म्हणायची, 'अंधारायच्या आत ये गं बाई.' भीती होती ती कुणाची? ओसरीवर पाय पसरून बसलेल्या दत्तासारख्यांचीच ना?

हौसराव खांबाला टेकून बसले होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "गाडी तुझ्या नावावर हाय, पोरी. तूच अडकशील. सगळं काढून टाकू, गाडी मूळची करू. इथंच मिटव."

"आबा, तुम्हीपण?"

"मी बाप हाय दोघांचा."

"आन् त्या मायाला बाप न्हाई व्हय?" म्हाळसा आत्या कोपऱ्यातून बोलली. आजवर भावासमोर ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "हौशा, मी गाडीत हुते. त्या हॉर्नचा आवाज ऐकून माझ्या काळजाचं पाणी झालं. पोरी भिंतीला कशा चिकटल्या ते म्या बघितलंय. तू बघितलं असतंस तर मिटव म्हणाला नसतास."

सिंधूबाई ताट वाढायला आत गेली. पहिलं ताट तिनं दत्तासमोरच ठेवलं. सुलक्षणा न जेवता उठली.

सकाळी गोठ्याकडून खर्रर्र खर्रर्र आवाज येत होता. दत्ता ब्लेडनं मागच्या काचेवरचा वाघ खरवडत होता. नंबरप्लेटचा एक स्क्रू त्यानं काढलाही होता.

"हात काढ," सुलक्षणा म्हणाली.

"तूच म्हणत होतीस ना काढायचं? काढतोय की."

"आता काढायचं न्हाई. एक पट्टीसुद्धा न्हाई. जसं तू मिरवलंस तसंच ते दौंडला जाणार."

दत्ताला समजायला क्षणभर लागला. मग पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. "ताय, येडी झालीस का? भाऊ हाय मी तुझा!"

तिनं त्याच्या हातातून स्क्रू घेतला आणि प्लेटवर परत बसवला. फोनमध्ये सगळ्या बाजूंनी फोटो काढले. दत्ता आईला हाका मारत घरात पळाला. सुलक्षणानं गाडी काढली तेव्हा हौसराव फाटकात उभे होते. तिला वाटलं आता हे आडवे येतील. तिनं काच खाली केली. हौसरावांनी तिच्याकडे पाहिलं, मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आपल्या बहिणीकडे पाहिलं, आणि फाटकाचं दार ओढून बाजूला झाले.

मायाचं घर दौंडच्या अलीकडे, एका वाडीत होतं. हात प्लॅस्टरमध्ये, अंगानं बारीक, जेमतेम एकोणीस-वीसची मुलगी. तिचे वडील नागसेन रेल्वेत कामाला होते. त्यांनी सुलक्षणाला आत बोलावलं नाही. दारातच ऐकून घेतलं. "तुमच्या भावाविरुद्ध तुम्ही बोलणार?" त्यांनी परत परत तेच विचारलं. शेवटी माया मागून म्हणाली, "पप्पा, मला चौकीला जायचंय." अंकिता आधीच तिथं येऊन थांबली होती. गाडीत बसायला माया तयार झाली नाही. नागसेन तिला मोटारसायकलवर घेऊन पुढे गेले, आणि अंकिता रिक्षानं.

दौंडच्या पोलीस चौकीत एक महिला हवालदार होत्या. त्यांनी अर्ज शोधून काढला आणि सुलक्षणाचा जबाब लिहून घेतला. गाडी माझी. त्या काळात किल्ली माझ्या भावाकडे होती. त्याचं नाव दत्ता हौसराव. त्याच्यासोबत रवीराज. भावानं माझ्यासमोर, वडिलांसमोर कबूल केलं. म्हाळसा आत्यानंही अंगठा दिला.

मग हवालदार बाहेर आल्या. "हॉर्न वाजवून दाखवा."

सुलक्षणानं दार उघडलं, वाकून हॉर्न दाबला.

चौकीच्या आवारात ती किंकाळी घुमली. झाडाखाली बसलेले लोक उठून उभे राहिले. माया वडिलांच्या शेजारी होती. तिनं चांगला हात कानावर दाबला, प्लॅस्टरमधला हात दुसऱ्या कानाकडे न्यायला गेली, तो वर जाईना, आणि ती तशीच वाकडी होऊन खाली बसली. हसण्याचा आवाज सुरू झाला तेव्हा नागसेननी तिचं डोकं आपल्या शर्टात घेतलं होतं.

"बंद! बंद करा ते!" हवालदार ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला होता. त्या आत गेल्या आणि फोन उचलला.

त्याच संध्याकाळी पोलीस दत्ता आणि रवीराजला घेऊन आले. पाठलाग करणं, दुखापत करणं, अशी कलमं लागली. गाडी जप्त होऊन चौकीच्या आवारात अडकली. काही दिवसांनी दोघं जामिनावर सुटले. केस अजून चालू आहे. रवीराजच्या दुकानावर आठवडाभर शटर होतं, मग ते उघडलं आणि बाहेर तसेच स्पॉयलर टांगलेले दिसू लागले. सुलक्षणा कंपनीच्या बसमधून जाताना ते बघायची आणि तोंड फिरवायची. एवढं होऊनही गिऱ्हाईक तिथं होतंच.

गाडी परत मिळाली तेव्हा तिनं गॅरेजवाल्याला सगळं उतरवायला सांगितलं. हॉर्न, नंबरप्लेट, सायलेन्सर, काचांवरची काळी फिल्म, दिवे, कवटी, रेक्झिन. त्यानं विचारलं, "स्पॉयलर विकायचा का? चांगला हाय." ती म्हणाली, "मोडा. माझ्यासमोर मोडा." गोंदाचे डाग मात्र घासूनही पुरते गेले नाहीत, आणि गाडीतला गालिचा उन्हात टाकला, सोड्यानं धुतला, तरी गरमीत दार उघडलं की तो गोडूस वास यायचा. शेवटी तिनं गालिचाच बदलला.

अंकिताचा अधूनमधून मेसेज यायचा. माया घरूनच अभ्यास करत होती. नागसेन रजा काढून तिला परीक्षेला सोडायला येणार होते. पुढं ती परत कॉलेजला येऊ लागली, सुरुवातीला वडिलांबरोबर, मग मैत्रिणींबरोबर. सुलक्षणानं तिला भेटायला जायचं टाळलं. आपलं तोंड दिसलं की त्या मुलीला काय आठवेल, हे तिला माहीत होतं.

घरात दत्ता काही दिवस गप्प होता. सुलक्षणाला वाटलं, पोरगा आतून हलला असेल. ती वाट बघत होती, की तो मायाचं नाव तरी काढेल. एक दिवस जेवताना त्यानं तोंड उघडलं.

"ताय, आता गाडी मोकळीच हाय ना? परवा मित्राची हळद हाय काष्टीला. सकाळी नेतो, रात्री आणून लावतो."

सुलक्षणाचा घास हातातच राहिला. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागसुद्धा नव्हता. घडलेलं त्याच्यावरून पाण्यासारखं निथळून गेलं होतं.

"दे की गं," सिंधूबाई म्हणाली. "झालं गेलं किती दिवस धरून बसायचं? चार लोकांत त्यानं काय एसटीनं जायचं?"

सुलक्षणाला राग येईल असं वाटलं होतं. तो आला नाही. शिळ्या भाजीवरची बुरशी दिसावी आणि ताट सरकवावं, तसं तिला झालं. ती उठली, हात धुतला, म्हणाली, "न्हाई."

पुढच्या आठवड्यात तिनं शिरूरला कंपनीतल्या एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. निघायच्या दिवशी सिंधूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दत्ता मोबाइल बघत पडला होता. हौसरावांनीच तिची वळकटी उचलून गाडीत ठेवली, ज्वारीचं पोतं ठेवलं, डिकी लावली आणि उगाच डिकीच्या झाकणावरून पंचा फिरवत उभे राहिले.

"त्या पोरीचा हात बसला का नीट?" त्यांनी विचारलं.

या घरात हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"बसला, आबा. लिहिता येतंय तिला."

हौसरावांनी मान हलवली. "दर ऐतवारी येत जा. न्हाईच जमलं तर मी येतो तिकडं, एसटीनं."

सुलक्षणानं गाडी फाटकातून बाहेर काढली.